हाली का कलदार? घरचा हिशेब नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर मी सव्वीस वर्षं मुनिमी केली. दुकान सुटलं, माणसं काही सुटली नाहीत. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो की कोणीतरी कागद घेऊन येतंच. "काका, एवढं जरा बघा की." कधी सातबारा असतो, कधी मोंढ्याची पट्टी (माल विकल्याचा हिशेबाचा कागद), कधी फायनान्सवाल्याचा हप्त्याचा तक्ता. मागं एक पोरगा आजोबाची बंदूक कितीला जाईल ते विचारत आला होता. त्याचं शेवटी सांगतो.

येणारे बहुतेक नवखे. वडील गेले म्हणून, नाहीतर पुण्याची नोकरी सोडून गावी आले म्हणून, घरचा व्यवहार अचानक अंगावर पडलेला. बेरीज-गुणाकार त्यांना येतो, आणि मोबाईल खिशात असतोच. चूक होते ती आकडा मोबाईलमध्ये घालायच्या आधी.

आधी विचारा, कशाचा?

मला शिकवणारे मुनीमजी निजामाच्या राज्यात कामाला लागलेले. तेव्हा आपल्याकडं दोन रुपये चालायचे. एक हैदराबादचा हाली सिक्का, दुसरा इंग्रजी राज्याचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. कोणी "सत्तर रुपये देणं आहे" म्हणालं की मुनीमजी लेखणी उचलायच्या आधी विचारायचे, "हाली का कलदार?" सत्तर हाली असतील तर साठ कलदारांत काम भागायचं, नाहीतर दहा रुपये फुकट गेले. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, तरी हाली १९५९ पर्यंत चालत होता. तो गेल्यावरही मुनीमजींची सवय गेली नाही. मी "भाव पाच हजार" म्हणालो की ते म्हणायचे, "हाली का कलदार?" म्हणजे क्विंटलचा का कट्ट्याचा (पोत्याचा), ओल्या मालाचा का वाळलेल्या.

तुमच्यापुढं आकडा आला की पहिलं काम हेच. त्याच्या मागं "कशाचा" लिहा. एकराचा, गुंठ्याचा, महिन्याचा, वर्षाचा. हे कागदावर लिहायचं, मनात ठेवून चालत नाही.

घरातलंच उदाहरण घ्या. आजी म्हणते, "माझ्या पाटल्या पाच तोळ्याच्या." आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या सराफाचा १० ग्रॅमचा. आजीचे पाच तोळे म्हणजे ५८ ग्रॅम. पाटल्या मोडायला नेल्या आणि "पाच तोळे" म्हणून पन्नास ग्रॅम धरून बसलात, तर आठ ग्रॅमचा घोटाळा झाला. सराफ वजन करून देईलच, पण काटा काय सांगणार ते घरून माहीत असलेलं बरं. शिवाय २२ कॅरेट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनं. १० ग्रॅमच्या दागिन्यात शुद्ध सोनं साधारण ९.१७ ग्रॅमच असतं.

टिंबाचा घोळ

माझ्या ओट्यावर येणाऱ्या चुकांतल्या निम्म्या इथल्या असतात.

जमीन १ एकर २० गुंठे. भाव एकरी १२ लाख. पोरगा मोबाईलवर १.२० गुणिले १२ लाख करतो आणि १४ लाख ४० हजार सांगतो. एकरात गुंठे चाळीस, म्हणजे वीस गुंठे हा अर्धा एकर. जमीन दीड एकर, रक्कम १८ लाख. तीन लाख साठ हजार एका टिंबात गेले. असा सौदा तोंडी ठरून इसारसुद्धा दिला गेलेला मी पाहिलाय. नंतर भाऊबंदकीत जे झालं ते झालं.

क्विंटलचंही तसंच. ९ क्विंटल ८ किलो हे ९.०८ आहे, ९.८ नाही. मधला फरक ७२ किलोंचा. रोटाव्हेटर १ तास ३० मिनिटं चालला तर ते दीड तास, १.३० नव्हे. ५ फूट ६ इंच म्हणजे साडेपाच फूट, ५.६ नव्हे.

यावर उपाय एकच. दोन मापं एकत्र आली की सगळं लहान मापात आणा, मग गुणाकार करा. १ एकर २० गुंठे = ६० गुंठे. एकरी १२ लाख = गुंठ्याला ३० हजार. साठ गुणिले तीस हजार. यात टिंब येतच नाही.

सातबारा वाचताना

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. १.६२.०० दिसलं की पुष्कळ जण "पावणेदोन एकराला थोडं कमी" म्हणून मोकळे होतात. ते चार एकर असतं.

हेक्टरचे एकर करायला २.४७१ नं गुणतात, पण तो आकडा कोणाच्या ध्यानात राहत नाही. मी असं करतो: टिंब काढून सगळे आर करा. १ हेक्टर ६२ आर म्हणजे १६२ आर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच. शंभर आरांचे साधारण नव्व्याण्णव गुंठे होतात, म्हणून शेकडा एक वजा करा. १६२ आर, साधारण १६० गुंठे, भागिले चाळीस, चार एकर. वावराच्या बांधावर उभं राहून तोंडी होतं.

प्लॉटवाल्यांची भाषा चौरस फुटाची. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. तीस बाय चाळीसचा प्लॉट १,२०० चौरस फूट, म्हणजे गुंठ्यापेक्षा दहा टक्के मोठा. कोणी "गुंठ्याच्या भावात प्लॉट देतो" म्हणालं तर त्यात रस्त्याची जागा धरली का ते आधी विचारा.

आपल्याकडं अजून एक माप चालतं, ते कुठल्याच पुस्तकात नाही: बॅग. "औंदा चार बॅगा सोयाबीन हाय", "बॅगला आठ क्विंटल उतार पडला". तीस किलोची बॅग एकराला पडायची, म्हणून बॅग म्हणजे एकर असं धरून बसलो आपण. आता टोकण करणारा (एकेक बी हातानं लावणारा) त्याच बॅगेत जास्त रान पेरतो, आणि बॅगेचं वजनही सगळीकडं सारखं राहिलेलं नाही. शेजाऱ्याचा उतार (निघालेलं पीक) बॅगेवर असेल आणि तुमचा एकरावर, तर दोन्हींची तुलना करून उगाच मन खट्टू करून घेऊ नका.

तोंडी हिशेब

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. हे पाढे आमच्या पिढीनं छड्या खाऊन पाठ केले. तुम्ही पाठ करा असं मी म्हणणार नाही, पण त्यातली युक्ती घ्या. साडेसदतीसला सव्वानं गुणायचं, तर त्याचा पाव त्यात मिळवा. अडीच हवं असेल तर दुप्पट करून मूळ आकड्याचं अर्धं मिळवा. साडेतीनला सातपट करून निम्मं करा. पंचवीसनं गुणायचं असेल तर दोन शून्य द्या आणि चारनं भागा.

टक्क्यातली एक चूक मात्र शिकलेली माणसंही करतात. भाव ५,००० वरून वीस टक्के पडला, ४,००० झाला. मग वीस टक्के वाढला. "चला, होता तिथं आला." नाही आला, ४,८०० वर आला, कारण दुसरे वीस टक्के चार हजाराचे. पुन्हा तेच: टक्के कशाचे?

मोंढ्याची पट्टी

यावर मी रात्रभर बोलू शकतो, पण एकाच गोष्टीवर थांबतो: ओलावा.

सोयाबीनच्या हमीभावाला ओलाव्याची नेहमीची अट १२ टक्क्यांची. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, तो या अटीत बसणाऱ्या मालाला. तुमचा माल १० क्विंटल आणि मीटरवर ओलावा १८ दिसला. वाळल्यावर किती भरेल?

नवखा म्हणतो, सहा टक्के जास्त, म्हणून साठ किलो कमी, ९ क्विंटल ४० किलो. खरा हिशेब वेगळा. १८ टक्के पाणी म्हणजे कोरडा दाणा ८२ टक्के, १० क्विंटलमध्ये ८ क्विंटल २० किलो. उन्हात पाणी उडतं, दाणा तेवढाच राहतो. वाळलेल्या मालात हाच ८२० किलो दाणा ८८ टक्के असणार. ८२० भागिले ०.८८ केलं की ९३२ किलो. घट ६८ किलोंची.

आता याचा उपयोग बघा. बारा टक्क्यांच्या वर ओलाव्याच्या दर पॉइंटला क्विंटलमागं एक किलो कापणारा आडत्या तुम्हाला लुबाडत नाही, उलट थोडं सोडूनच देतोय. खरी घट क्विंटलमागं पॉइंटला १.१४ किलोच्या आसपास येते. दीड किलो कापणारा मात्र दहा क्विंटलवर ९० किलो घेतो, म्हणजे २२ किलो जादा. भांडायचं तर या २२ किलोंवर भांडा, नव्वदवर नाही. मी दुकानाच्या त्या बाजूला बसायचो. ज्याला हा हिशेब येतो त्याच्याशी कोणी वाद घालत नाही, एवढं अनुभवानं सांगतो.

बाकी पट्टीवर हमाली, तोलाई, बारदान्याची (रिकाम्या पोत्याची) वजावट असते. प्रत्येक ओळ वाचा आणि ती पोत्यावर लावली का क्विंटलवर, ते विचारा.

व्याज

गावात "तीन टक्क्यानं घेतले" म्हणतात, ते ऐकून बँकेचे सात-नऊ टक्के महाग वाटतात. गावातला टक्का महिन्याचा. तीन रुपये शेकडा दरमहा म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. बँकेचा टक्का वर्षाचा. हाली का कलदार!

५०,००० घेतले, तीन टक्क्यानं. महिन्याला १,५००. चौदा महिन्यांचे २१,०००. हे सरळ व्याज झालं. पण पाडव्याला वही बदलते तेव्हा व्याज मुद्दलात टाकलं तर? पहिल्या वर्षाअखेर ६८,०००, दुसऱ्या वर्षाअखेर ९२,४८०. सरळ व्याजानं ८६,००० झाले असते. वही बदलताना तुमच्यापुढं कोणता आकडा मुद्दल म्हणून लिहिला जातो, तो तिथंच वाचा. नंतर वाचून उपयोग नसतो.

महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ चा आहे. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला तारण घेऊन दिलं तर वर्षाला ९ टक्के, बिनतारण १२ टक्के, असे दर ठरवून दिलेत. आणि दामदुप्पट: मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. छत्तीस टक्के कुठं आणि नऊ कुठं. बिनपरवाना सावकारी हा तर गुन्हाच. तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या कचेरीत तक्रार करता येते.

दुसरा सापळा शोरूममध्ये. "फक्त दहा टक्के व्याज." मोटरसायकलसाठी ६०,००० चं कर्ज, दोन वर्षं. दहा टक्क्यांनी वर्षाला ६,०००, दोन वर्षांचे १२,०००, एकूण ७२,०००, भागिले चोवीस, हप्ता ३,०००. हिशेब बरोबर वाटतो. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत चाललात. वर्षभरानं तुमच्याकडं त्यांचे निम्मेच पैसे उरलेत, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या साठ हजारांवर चालू. याला ते "फ्लॅट" म्हणतात. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. फ्लॅट दर ऐकला की मनात जवळजवळ दुप्पट करा आणि मग बँकेच्या दराशी ताडून बघा.

पाण्याचं थोडंसं

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरावर साधारण ४,०४७ लिटर. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी धरतात. त्या हिशेबानं एकरावर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर, म्हणजे बारा हजारी टँकरच्या बाविसेक खेपा. बांध का फुटतो ते कळलं.

उलटं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. आकडा केवढा मोठा वाटतो! २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या आसपास होती. भागाकार केला की माणशी एक लिटर आणि थोडं. पुढं पन्नास वाघिणी येऊ लागल्या, तेव्हा माणशी साडेसहा लिटर, अर्धी घागरही नाही. लाखाचा आकडा ऐकला की माणशी किती, एकरी किती, हे करून बघायची सवय मला तिथून लागली.

जुन्या वस्तूची किंमत

जुनी मोटरसायकल घ्यायची असेल तर मालकानं ती कितीला घेतली हे विचारू नका. तीच गाडी आज नवी कितीला मिळते ते बघा, आणि तेही एक्स-शोरूम. रस्ता कर आणि विमा त्यानं भरला आणि वापरला, ते तुम्ही परत कशाला द्यायचे? मग घसारा. विम्याच्या टॅरिफची पायरी आधाराला चांगली आहे: एक ते दोन वर्षांला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. समजा आज एक्स-शोरूम ७८,००० आणि गाडी साडेचार वर्षांची, म्हणजे ३९,००० पासून बोलणं सुरू. त्यातून टायर, चेन, बॅटरीचा खर्च वजा. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरेपर्यंत पैसे देऊ नका. नावावर करून देणारे फॉर्म २९ आणि ३० सही घेऊनच गाडीला किक मारा.

बैलाला हा तक्ता लागत नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत देवणी, लाल कंधारी जातीचे बैल बघताना वय दातावर मोजतात: आदत (दुधाचेच दात असलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला (सगळे दात आलेला). आणि बैलाची किंमत वयाबरोबर आधी चढते, जुळल्यावर काही वर्षांनी उतरते. यंत्राची पहिल्या दिवसापासून उतरतच जाते. बाजारात भाव तोंडानं न बोलता रुमालाखाली बोटं दाबून सांगतात; दलालानं बोट दाबलं तर ते बोट हजाराचं का दहा हजाराचं हे आधी ठरवून घ्या. हसू नका, घोळ झालेले आहेत.

आता ती बंदूक.

पोरगा म्हणाला, "काका, आजोबाची बारा बोरची एकनळी हाय. आजा वारला. नेटवर तर लाखाच्या गोष्टी करतेत." मी पहिलं विचारलं, "हाय कुठं?" "घरीच की, माळवदावर." म्हटलं, किंमत मरू दे, आधी ती पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं जमा कर. परवाना आजोबाच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. वारसाच्या घरात विनापरवाना बंदूक हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा. पावती घे, ती जपून ठेव. जमा करून आला, मग आम्ही हिशेबाला बसलो.

त्याचा पहिला प्रश्न आकड्याचाच होता. "बारा बोर मोठी का सोळा बोर?" बारा मोठी. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर एक गोळा जेवढा जाड, तेवढी नळी रुंद. ४५३.६ ग्रॅम भागिले बारा, एक गोळा ३७.८ ग्रॅमचा, नळी साधारण १८.५ मिलिमीटर. सोळा गोळे केले की प्रत्येक लहान, नळीही लहान. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. आणि रिव्हॉल्व्हरचं पॉइंट बत्तीस हे इंचात असतं, ०.३२ गुणिले २५.४, आठ मिलिमीटरच्या थोडं वर. दोन्हीला "बोर" म्हणतात आणि लोक एकमेकांशी ताडतात.

किंमत ठरवताना मोटरसायकलचा तक्ता इथं चालत नाही. बंदूक वर्षानं जुनी होत नाही, गंजानं होते. नळी आतून उजेडात धरली की खड्डे दिसतात का, सांधा हलतो का, घोडा नीट बसतो का, हे शस्त्रविक्रेत्यानंच बघायचं, तुम्ही नाही. वर्षं फक्त एका बाबतीत मोजतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आणणं बंद झालं, म्हणून त्याआधीच्या चांगल्या परदेशी बनावटीला टंचाईचा भाव येतो. नेटवरचे लाखाचे आकडे त्यांचे. आपल्या शिवारात रानडुकरं राखायला घेतलेल्या देशी एकनळीचे ते नव्हेत.

दुसरी गोष्ट गिऱ्हाईक. सोयाबीनला मोंढाभर गिऱ्हाईक असतं. बंदूक फक्त परवाना असलेल्यालाच विकता येते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं राहू शकतात. ज्यांच्याकडं तिसरं होतं त्यांनाही ते सोडावं लागलं. विकणारे वाढले, घेणारे आटले. भावाचं काय होणार ते मोंढ्यातल्या माणसाला सांगायला नको. शिवाय परवानाधारक स्वतःची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला थेट देत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस उलटावे लागतात. १ जुलैला कळवलं तर तो दिवस सोडून मोजा: ३१ जुलैला तीस, १५ ऑगस्टला पंचेचाळीस. व्यवहार १६ च्या पुढं. वारसाचा मार्ग मात्र परवाना शाखेला विचारूनच, विक्रेत्यामार्फत.

तिसरी गोष्ट जमा ठेवण्याचं भाडं. समजा विक्रेता महिन्याला ३०० घेतो आणि बंदुकीचे १२,००० यायचे आहेत. चांगल्या भावाची वाट बघत दोन वर्षं काढली की ७,२०० भाड्यातच गेले. तीन वर्षं चार महिन्यांनी बंदूक फुकट. पोरानं हे स्वतः मांडलं, मला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. विक्रेत्यानं नळी बघून आकडा सांगितला होता, मोटरसायकलचे दोन टायर येतील एवढा. "देऊ का काका?" मी विचारलं, हा आकडा भाडं वजा करून का वजा न करता? तो म्हणाला, "थांबा, इचारून सांगतो."